कोकणात चहाचं हॉटेल टाकताना

आमच्याकडे ‘हॉटेल’ म्हटलं की खोल्या आणि गाद्या कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. हॉटेल म्हणजे चार बाकडी, बरण्यांतला खाजा आणि बटर, धुराने काळवंडलेली मागची भिंत आणि पुढ्यात चहा. गेली काही वर्षं मुंबईहून गावी परतलेली पोरं माझ्याकडे येऊन बसतात आणि अर्धा कप संपायच्या आत विचारतात, “वयनी, चायचा कायतरी टाकूचा म्हणतंय. किती पैसे लागतले?” मी उलट विचारते, “चाय कोणाक पाजतलंस?” “येतले त्येंका,” असं उत्तर येतं आणि तिथेच मला कळतं की याला अजून वेळ आहे.

येणारे कोण, हे कोकणात आधीच ठरवावं लागतं. मे महिन्यात जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे जुलैत कुत्रंही फिरकत नाही. वर्षातले तीनशे दिवस येणारा खलाशी, मास्तर, रिक्षावाला एक चहा मागतो. वर्षातले साठ दिवस येणारा पर्यटक दुसरा. भांडं, कप, भाव, बाकडं, दुकान उघडायची वेळ, सगळं त्यावरून ठरतं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांची बंदरावर टपरी होती. पुढे तालुक्याच्या स्टँडजवळ आम्ही भाड्याच्या गाळ्यात हॉटेल चालवलं. आता घराच्याच पडवीत चहा-नाश्ता देते. या तीन तऱ्हांत जे कळलं ते इथे पायरीपायरीने लिहिते.

आधी तीन दिवस नुसतं बसा

जागा आवडली की लगेच बयाणा देऊ नका. वही घेऊन समोर बसा. पहाटे पाच ते नऊ आणि दुपारी तीन ते सात. जाणारे मोजू नका, थांबणारे मोजा. रस्त्यावरून दिवसाला हजार गाड्या जात असतील, पण त्या उतारावर वेगात असतील तर तुमच्यासाठी त्या नाहीतच. गाडी जिथे आपोआप मंदावते, म्हणजे चढ संपतो तिथे, फाट्यावर, पुलाच्या अलीकडे, तिथे चहा खपतो. तीन दिवसांतला एक बाजारचा दिवस असावा आणि शक्य असेल तर एक भर पावसातला. पाऊस असताना लोक कुठल्या छपराखाली उभे राहतात ते बघून घ्या. ते छप्पर भाड्याने मिळालं तर अर्धं काम झालं.

महामार्गालगत जागा बघत असाल तर आणखी एक चौकशी करा. मुंबई-गोवा रस्ता, आताचा राष्ट्रीय महामार्ग 66, चौपदरी होताना ठिकठिकाणी रस्त्याने जागा बदलली, कुठे वळणं गेली, कुठे गावाच्या डोक्यावरून पूल गेला. कणकवलीत गाड्या आता वरून जातात. जुन्या रस्त्यावर वर्षानुवर्षं चाललेलं हॉटेल नव्या रस्त्यापासून दोनशे पावलांवर गेलं तरी ड्रायव्हर वळून येत नाही. म्हणून रस्त्याची आखणी आणि रस्त्यापासून मोकळं सोडायचं अंतर सरकारी कागदावर बघूनच सामान टाका.

कुठल्या तऱ्हेचा धंदा

बंदरावरचा चहा सगळ्यात कमी भांडवलात सुरू होतो. एक शेगडी, दोन पातेली, मोठी किटली, दोन डझन काचेचे ग्लास. इथे गिऱ्हाईक चहाकडे येत नाही, चहा गिऱ्हाइकाकडे जातो. लिलाव चालू असताना कोणी टोपली सोडून बाकड्यावर येऊन बसणार नाही, किटली घेऊन तुम्हीच गर्दीत शिरायचं. वेळ तुमच्या हातात नाही. हर्णैला लिलाव सकाळीही होतो आणि दुपारनंतरही. तुमच्या बंदराची जी वेळ असेल तिच्या तासभर आधी पाणी चुलीवर पाहिजे. चहा कडक, गोड, आल्याचा. रात्रभर वाऱ्यात भिजलेल्या माणसाला वेलचीचं कौतुक नसतं.

या धंद्याची मेख म्हणजे 1 जून ते 31 जुलै ही मासेमारी बंदी. यांत्रिक होड्या ओढून वर घेतल्या, झापांनी शाकारल्या की बंदर शांत होतं. जाळी विणणारे, होडीची डागडुजी करणारे राहतात, पण दहांतले दोनच. सासरे या दोन महिन्यांत टपरी अर्धा दिवस उघडत आणि बाकीचा वेळ शेतात जात. बंदरावरच्या चहाला जोडधंदा लागतोच, हे गृहीत धरूनच उतरा. आणि एक: रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या मोठ्या बंदरांत होड्यांवर नेपाळी खलाशी पुष्कळ असतात. मे संपता संपता ते गावी निघतात. त्यांची उधारी 20 मेच्या आत वसूल झाली पाहिजे. माणसं प्रामाणिक असतात, पण ऑगस्टमध्ये तोच खलाशी त्याच बंदरात परत येईल याची खात्री त्याला स्वतःलाही नसते.

स्टँडजवळचं किंवा नाक्यावरचं हॉटेल म्हणजे घाईचा धंदा. रात्रीची वस्तीची गाडी पहाटे परत निघते, तिच्या आधी तुमचा पहिला चहा तयार असला पाहिजे, कारण तीच तुमची भवानी. इथे पाच मिनिटांत चहा, वडा आणि सुटे पैसे, तिन्ही हातात पडले पाहिजेत. सुट्या पैशांसाठी आता क्यूआर कोड आहे, तरी म्हाताऱ्या माणसांसाठी गल्ल्यात नाणी ठेवा. नाक्याचा फायदा असा की गिऱ्हाईक बारमाही. तोटा असा की सगळं एकाच नळावर. 2021 च्या दिवाळीपासून पुढे एसटीचा संप लांबला तेव्हा स्टँडभोवतीची हॉटेलं ओस पडलेली सगळ्यांनी पाहिली. ज्यांनी आजूबाजूच्या बँकेत, शाळेत, कोर्टाच्या आवारात किटली पोचवायची सवय आधीपासून ठेवली होती ते तग धरून राहिले. गाळ्यातला चहा आणि पोचवायचा चहा हे दोन धंदे आहेत असं समजा आणि दोन्ही करा.

रेल्वे स्टेशनबाहेर बसायचं असेल तर पावसाळी वेळापत्रक पाठ करा. कोकण रेल्वेच्या गाड्या पावसात वेग कमी करून चालतात, त्यामुळे जूनपासून साधारण ऑक्टोबरपर्यंत वेळा बदलतात. फलाटावर विकायला परवाना लागतो, तिकडे जाऊच नका. बाहेर रिक्षाथांब्याशी उभे राहा. तुमचं खरं गिऱ्हाईक प्रवासी नसून रिक्षावालेच असतात. गाडी उशिरा असली की ते तीन-तीन कप पितात.

पडवीतला चहा ही माझी आताची तऱ्हा, आणि परत आलेल्या बहुतेकांच्या डोक्यात हीच असते. शेणाने सारवलेलं खळं, माडाखाली बाकडं, घावणे-चटणी, पातीचा चहा. दिसायला सुंदर आहे, पैसेही कपामागे जास्त सुटतात, कारण शहरातला माणूस इथे चहाचे नाही, बसण्याचे पैसे देतो. पण तो तेव्हाच येतो जेव्हा त्याला सुट्टी असते: मे, दिवाळी, नाताळचा आठवडा आणि शनिवार-रविवार. मंगळवारी दुपारी पडवीत मी आणि मांजर. म्हणून पडवीसाठी गाळा घेऊ नका, घर स्वतःचं असेल तरच करा. शिवाय स्वच्छ संडास पाहिजे. हे मी जोर देऊन सांगते. बायका-मुलांना घेऊन निघालेला माणूस आधी तेच विचारतो, आणि संडास चांगला असेल तर फिका चहासुद्धा गोड मानून घेतो. राहायची एखादी खोली निघत असेल तर पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना बघा, चहा त्यात आपोआप येतो.

मोठ्या नावांच्या साखळी दुकानांची शाखा घेणं ही शेवटची तऱ्हा. पाटी त्यांची, पावडर त्यांची, मसाला त्यांचा, भाडं आणि पगार तुमचे. चिपळूण, रत्नागिरीसारख्या बाजारात ते चालू शकतं. लहान गावात मला तरी पटत नाही. तिथे लोक पाटीचं नाव वाचून चहा पीत नाहीत, कुणाच्या घरचा माणूस बसलाय ते बघतात. तरी घ्यायचीच असेल तर सही करण्याआधी एवढं लेखी मागा: महिन्याला किती पावडर सक्तीने उचलायची, शेजारच्या फाट्यावर दुसरी शाखा देणार नाही ना, आणि दुकान बंद करावं लागलं तर अनामतीतलं किती परत.

कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे. अन्न विकायचं म्हणजे 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंद लागते, टपरी असली तरी. लहान धंद्याला साधी नोंदणी, मोठ्याला परवाना. अर्ज ऑनलाइन होतो, 14 आकडी क्रमांक मिळतो, तो दुकानात दिसेल असा लावायचा. ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची परवानगी घ्या. मोजकीच माणसं कामाला असतील तर राज्याच्या 2017 च्या दुकाने कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी फुकट आहे, तिचे पैसे कोणी मागत असेल तर उठून या. कर्ज लागलं तर मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात 50 हजारांपर्यंत मिळतं, आणि टपरीला तेवढं पुरतं.

गॅस 19 किलोचा व्यावसायिकच. घरचं 14.2 किलोचं सिलिंडर दुकानात लावणं बेकायदा आहे आणि पकडलं की सामान जातं. प्लास्टिकचे पेले राज्यात 2018 पासून आणि देशभर 1 जुलै 2022 पासून बंद आहेत. काचेचे ग्लास किंवा कपबशी वापरा. धुवायला माणूस लागतो हे खरं, पण चहा तोंडाला चांगला लागतो आणि समुद्रावर कचरा जात नाही.

वाळूत टपरी टाकायचं स्वप्न बरेच जण बघतात. किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत सागरी किनारा नियमन लागू होतं. नारळाच्या झापांची का असेना, परवानगीशिवाय उभारलेली टपरी कधीही उचलली जाऊ शकते. आधी तहसील कार्यालयात चौकशी करा. मालकाने “आपलीच जागा आहे” म्हटल्याने ती बांधायला मोकळी होत नाही.

गाळ्याचा करार तोंडी करू नका. आम्ही केला होता. पहिल्या वर्षी धंदा बसला, दुसऱ्या वर्षी गणपतीच्या तोंडावर मालकाने भाडं दीडपट सांगितलं. हातात कागद नव्हता, समोर सीझन होता, दिलं. आता कुणी विचारलं की सांगते, अकरा महिन्यांचा का होईना, नोंदवलेला करार करा आणि भाडेवाढ त्यात लिहून घ्या.

पाणी, दूध, पावडर

पाणी चाखून बघा. किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, आणि त्या पाण्याचा चहा कितीही पावडर घातली तरी उठत नाही. जांभ्यातली, जरा वरच्या अंगाची विहीर असेल तर तिचं पाणी चहासाठी वेगळं आणा, भांड्यांना दुसरं वापरा. सासूबाई चहाचा हंडा वेगळाच ठेवत, त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

दूध ही कोकणातल्या चहावाल्याची मोठी डोकेदुखी. आमच्या गायी दूध देतात तेवढं घरातल्या पोरांना पुरतं. धंद्याचं दूध बहुतेक घाटावरून येतं, दक्षिण भागात मुख्यतः कोल्हापूरकडून. गोकुळ, वारणा यांच्या पिशव्या आंबा, गगनबावडा, फोंडा, आंबोली अशा घाटांनी खाली उतरतात. चिपळूणकडे कुंभार्लीचा रस्ता. जुलैत दरड कोसळली की सकाळची गाडी दुपारी येते, कधी येतच नाही. म्हणून दुधाची पावडर घरात ठेवायची आणि त्या दिवशी पाटीवर सरळ लिहायचं: आज कोरी चाय. गवती चहाची पात, आलं, वर लिंबू. लोक कुरकुरत नाहीत, घाटात काय झालंय ते त्यांनाही माहीत असतं.

म्हशीच्या दुधात साधारण 6 टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात साडेतीन. म्हशीचं दूध जास्त पाणी सोसतं, म्हणून महाग पडूनही नाक्यावर परवडतं. दुधाचा रतीब एकाच माणसाकडे पूर्ण ठेवू नका, थोडा दुसऱ्याकडे ठेवा. आणि पिशवी आली की फ्रिजवर विसंबू नका. पावसात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून आलेलं दूध आधी उकळायचं, मग बाकीची कामं.

पावडर दाणेदार आणि बारीक डस्ट यांचं मिश्रण करून घ्या. डस्टने रंग आणि कडकपणा पटकन येतो, दाण्याने वास. प्रमाण दुकानदाराला विचारू नका, घरी चार पातेली करून बघा. पावसाळ्यात पावडर ओल ओढते आणि वास धरते. त्यामुळे मोठं पोतं घेऊ नका, आठवड्यापुरती आणा. सुक्या मासळीच्या शेजारी ठेवलेल्या पावडरीचा चहा मी एकदा विकला आहे. फक्त एकदाच.

चहा करायची रीत

आधी पाणी. त्यात ठेचलेलं आलं, आणि ते पाण्यातच तीन-चार मिनिटं चांगलं उकळू द्या. कच्चं आलं थेट दुधात गेलं की दूध फाटतं, कारण आल्यातला एक घटक दुधातली प्रथिनं तोडतो. उकळल्यावर तो मरतो. मग साखर आणि पावडर, दोन मिनिटं. मग वेगळं तापवलेलं दूध, गार नाही. दोन उकळ्या वर येऊ द्या, डावाने खालीवर करा, गाळा. पातीचा चहा असेल तर पात कात्रीने बारीक कापून आल्याबरोबरच घाला. गुळाचा चहा मागतात हल्ली. गूळ भांडं उतरवल्यावर घालायचा, विस्तवावर घातला तर फाटतो.

गाळलेला चहा तास-दीड तासाहून जास्त गरम करत ठेवू नका. पुन्हा पुन्हा उकळलेला चहा तुरट होतो आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला पहिल्या घोटाला कळतं. तो बोलत नाही, उद्या समोरच्याकडे जातो. लहान पातेली, सारखी करायची. गाळायचं फडकं रोज सोड्याच्या पाण्यात उकळा. चहाला येणारा तो जुनाट वास पावडरीचा नसतो, फडक्याचा असतो.

कपामागे किती सुटतं

हिशोब असा मांडून बघा. भाव धरून चाललेले आहेत, तुमच्या गावचे घाला. 1 लिटर दूध 60 रुपये, 600 मिली पाणी, 40 ग्रॅम पावडर किलोला 400 च्या दराने 16 रुपये, 120 ग्रॅम साखर साडेपाच, आलं तीन-चार, गॅस पाच. झाले 90 रुपये. आटून साधारण 1400 मिली उरतो, 70 मिलीच्या कपाने 20 कप. म्हणजे कपाला साडेचार रुपये. दहाला विकला तर साडेपाच वर.

ऐकायला छान वाटतं. आता यातून गाळ्याचं भाडं, माणसाचा पगार, लाइट, फुटलेले ग्लास, उतू गेलेलं दूध, बुडालेली उधारी आणि शेजारी आले म्हणून पाजलेले कप वजा करा. समजा भाडं आणि पगार मिळून दिवसाला 700 रुपये पडतात. तर सव्वाशेहून जास्त कप विकल्याशिवाय तुम्ही स्वतःसाठी एक रुपयाही कमावत नाही. त्या तीन दिवसांच्या वहीत हा आकडा दिसतो का बघा. नसेल तर जागा सोडा, मोह सोडा.

कप लहान करून किंवा पाणी वाढवून हा हिशोब जुळवू नका. फुळकवणी चहा मिळतो अशी गावात एकदा बोलवा झाली की ती पुसायला दोन वर्षं लागतात.

सोबत काय

धंदा चहावर उभा राहतो, पण पोट चहाबरोबरच्या वस्तूवर भरतं. नाक्यावर वडा, कांदाभजी, उसळ-पाव. बंदरावर पाव, बटर, खारी, जे ओल्या हाताने खाता येईल ते. पडवीत घावणे, आंबोळी, कोकम सरबत, जाताना न्यायला आंबापोळी. सगळीकडे सगळं ठेवायला जाऊ नका. दोन वस्तू ताज्या ठेवणारा दहा वस्तू शिळ्या ठेवणाऱ्यापेक्षा जास्त विकतो. बिस्किटं आणि खारी पावसात दोन दिवसांत मऊ पडतात, त्यामुळे जूनपासून माल अर्धा मागवा.

तळणीचं तेल हा मात्र गंभीर विषय. सारखं तापवलेल्या तेलात खराब घटक 25 टक्क्यांवर गेले की ते वापरायला कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं. डोळ्यांनी बघायचं: तेल काळसर, चिकट झालं, घाणा टाकल्यावर फेस जास्त आला, लवकर धूर धरला, की काढून टाका. उरलेल्या तेलात नवीन तेल ओतून वाढवायची सवय सगळ्यांना असते. मलाही होती.

माणसं आणि वही

जुन्या हॉटेलात ‘पोऱ्या’ असायचाच. आठ-दहा वर्षांचं पोर, फडकं खांद्यावर, शाळा सुटलेली. 10 ऑक्टोबर 2006 पासून हॉटेलात, ढाब्यावर चौदाच्या खालचं मूल कामाला ठेवायला बंदी आहे, आणि ती बंदी योग्यच आहे. आमच्याकडे ग्लास धुणारी काकी होती. पगार थोडा जास्त, पण वर्षाला फुटणारे ग्लास अर्ध्यावर आले.

उधारी देणार नाही असं ठरवून कोकणात हॉटेल चालवता येत नाही. ठरवायचं ते एवढंच: कुणाला, किती, कधीपर्यंत. महिन्याचा पगार असणाऱ्याला महिन्याची, बाजाराला येणाऱ्याला आठवड्याची, खलाशाला तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, शब्दावर. वही गिऱ्हाइकासमोर लिहायची आणि आकडा त्याला दाखवायचा. पाव्हण्या-रावळ्यांसमोर कुणाची उधारी काढायची नाही. माझ्या सासऱ्यांनी असं एकदा केलं होतं. पैसे त्याच दिवशी मिळाले, पण त्या वाडीतलं कुणीही नंतर आमच्याकडे चहा प्यायलं नाही.

जत्रा ही वेगळी संधी आहे. आंगणेवाडीची भराडीदेवी, कुणकेश्वरची महाशिवरात्र, अशा ठिकाणी दोन-तीन दिवसांत महिन्याचा गल्ला होतो. तिथे जागा आधी नोंदवावी लागते, आंगणेवाडीची तर तारीखच दर वर्षी वेगळी ठरते. बचत गटाच्या बायकांना माझा सल्ला असतो की दुकानाऐवजी आधी दोन जत्रा करा. शंभर कपांचं पातेलं कसं सांभाळायचं ते तिथे कळतं आणि हात पोळले तरी भाडं चालू नसतं.

पावसाची तयारी

मे अखेरीस आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, खरेदी करताना दुकानाची वेगळी यादी करा: साखर हवाबंद डब्यात, दुसरं भरलेलं सिलिंडर, काडेपेट्या प्लास्टिकच्या बरणीत, दुधाची पावडर, मेणबत्त्या, चार्जिंगचा दिवा. मृग लागायच्या आत छपराचे पत्रे बघा. 3 जून 2020 चं निसर्ग आणि त्यानंतर वर्षाच्या आत, मे 2021 मध्ये आलेलं तौक्ते, दोन्ही वादळांत किनाऱ्यावरचे पत्रे पत्त्यांसारखे उडाले. खिळ्यावर ठोकलेला पत्रा वाऱ्यात टिकत नाही. आकडे आणि नटबोल्ट लावा, वरून तारेने बांधा, कडेचे पत्रे दुप्पट. दगड ठेवून भागवू नका, पत्रा उडताना दगडही बरोबर घेऊन जातो.

बाजारपेठेत, नदीकाठी गाळा असेल तर माळा करा. 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारात पाणी चढलं तेव्हा तळमजल्यावरचं काहीच वाचलं नाही. फ्रिज विटांच्या ओट्यावर, नोंदणीचे कागद घरी, उधारीची वही रात्री सोबत न्यायची. पागोळ्या गिऱ्हाइकाच्या पाठीवर पडणार नाहीत एवढी छपराची वळचण पुढे काढा. चार फूट जास्त पत्र्यात दहा माणसं जास्त उभी राहतात.

उघडायचं कधी

सगळे जण अक्षय तृतीयेच्या आसपास उघडतात, सुट्टीची गर्दी मिळावी म्हणून. मी म्हणते, जूनमध्ये उघडा. मे महिन्यात वाईट चहाही खपतो, त्यामुळे तुमचा चहा कसा आहे ते कळत नाही. जूनमध्ये येतील ते तुमचे. सकाळी दोन लिटर दूध, संध्याकाळी दोन, त्यापेक्षा जास्त नको. उरलं तर घरी खरवस नाही होत त्याचा, पण दही होतं. पहिल्या दिवशी देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घाला, आणि त्या दिवशी सगळी वाडी फुकट चहा प्यायला येईल, येऊ दे. कोण बिनसाखरेचा घेतो, कोण बशीत ओतून पितो, कुणाला दोन कप लागतात ते लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी न विचारता तसाच चहा पुढे ठेवा. गणपतीला चाकरमानी उतरतील तोवर हातही बसलेला असेल, आणि भर आवाठात, म्हणजे वाडीत, कुणी विचारलं, “चाय खंय गावता बरी?” तर उत्तर द्यायला ही माणसं तिथेच उभी असतील.